तिसऱ्या आडोशामागचं पाणी

अल् घुब्रा, मस्कत
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

तृप्ती बेटा,

जाफरचाचाचा सलाम आणि जयभीम.

तुझा फोन लागत नाही. आठवडाभर लावला, दर वेळी तीच बाई तेच वाक्य बोलते. शेवटी सोहारला तुझ्या भावाला, अतुलला, फोन करून वाशिमच्या घराचा पत्ता मागितला. त्याने जरा का-कू केली, पण दिला. माझं अक्षर तुला नवं नाही. गेटवरच्या रजिस्टरात माझ्या नोंदी बघून तू म्हणायचीस, चाचा, ही मुंग्यांची रांग कुठे निघाली? तर मुंग्या आता वाशिमला निघाल्या आहेत, सांभाळून घे.

तुला जाऊन दहा दिवस झाले. अभयारण्याचं गेट अजून बंदच आहे. पाहुण्यांना जानेवारीपर्यंत मनाई, असा बोर्ड अरबी आणि इंग्रजीत लावलाय. तरी शुक्रवारी लोक येतातच. परवा इथलंच, घुब्र्यातलं एक कुटुंब आलं. मुलगी इंडियन स्कूलची, माझ्याशी हुज्जत घालायला लागली, अंकल, ओन्ली फाइव्ह मिनिट्स. मी म्हटलं, बाई गं, पक्षी सिक लीव्हवर आहेत. तिच्या आईला हसू आलं. मला मात्र नंतर वाटलं, हे बोलायला नको होतं.

रोहित पक्षी आलेत. वादीच्या, आपल्या ओढ्याच्या तोंडाशी, गोडं पाणी खाऱ्याला मिळतं तिथे, नेहमीच्या जागी उभे आहेत. मी मोजले, दीडशे भरले. तू दुर्बीण लावून एकशे त्रेचाळीस म्हणाली असतीस आणि माझा आकडा खोडला असतास. आता माझा आकडा खोडायला कोणी नाही, मी लिहितो तो खरा.

तुझी नोकरी गेली त्या मीटिंगबद्दल मला लिहायचं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो, तू पाहिलंस. मोठ्या साहेबाने, मुदीर खलफानने, कागद वाचला. सप्टेंबरच्या एक तारखेला वादीच्या तोंडावरचा रेतीचा बांध फोडायचा होता, तो सतरा दिवस उशिरा फोडला. पाणी आत कोंडून तापलं, सडलं, त्यात विष झालं आणि चारशे बारा पक्षी मेले. तू उठून म्हणालीस, होय, उशीर माझ्या सांगण्यावरून झाला. बांधावर चिखल्यांची तीन घरटी होती, पिल्लं उडेपर्यंत मी मशीन येऊ दिलं नाही. एवढं बोलून तू बसलीस. कोणावर काही ढकललं नाहीस. मला तुझा अभिमान वाटला. मी काही बोललो नाही. साहेबांच्या मीटिंगमध्ये गेटवाला काय बोलणार.

तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक तुझी नव्हती. हे मी खात्रीने सांगतो. कशावरून, असं विचारशील. म्हातारा माणूस आहे, मला वाटतं.

रईसाला, माझ्या घरवालीला, जाऊन गेल्या आठवड्यात वर्ष झालं. दोन माणसं बोलावून फातिहा दिली. तिच्या हातची तांदळाची भाकरी तुला आवडायची, तिला तुझी फार माया होती. या वेळी मी जास्त काही केलं नाही.

तुझ्या आईवडिलांना, द्रौपदीताईंना आणि तानाजीरावांना, नमस्कार सांग. दोन ओळी लिही.

तुझा
जाफरचाचा


अल् घुब्रा
शनिवार, ११ जानेवारी २०२५

तृप्ती बेटा,

तुझं उत्तर नाही. पोस्टाने पत्र गहाळ केलं असेल असं मी स्वतःला सांगत होतो. काल अतुलचा फोन आला आणि ते खोटं ठरलं. तो म्हणाला, "चाचा, पत्र पोचलंय. तिने वाचून कपाटात ठेवलंय. तुमच्यावर राग नाही तिचा. ती कोणाशीच बोलत नाही."

मग त्याने बाकीचं सांगितलं. पुण्याच्या कंपनीने बोलावलं होतं, तू नको म्हणालीस. मामेभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतेस. द्रौपदीताई त्याला फोनवर रडत विचारतात, माझ्या पोरीला तिकडे काय झालं? आणि तू त्यांना म्हणालीस, "माझ्या हट्टापायी चारशे बारा जीव गेले. आता मी कुठल्या पाण्याला हात लावणार नाही."

हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. मला वाटलं होतं तुझी नोकरी गेली. नोकरी काय, एक गेली दुसरी मिळते, त्यात तू शिकलेली, हुशार. नोकरीबरोबर हेही गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

अगं, या वर्षी ऊनच तेवढं होतं. ऑगस्टात गेटच्या लोखंडाला हात लागला तर फोड यायचा. शिवाय बदकं लवकर आली, दर वर्षीपेक्षा जास्त आली. आणि तुझ्या त्या तीन घरट्यांतून सात पिल्लं उडाली, हे कोणी कागदावर लिहिलं नाही. मी पाहिली. सातही उडाली. रेतीवर पळताना त्यांचे पाय दिसत नाहीत, नुसते चेंडू घरंगळताना दिसतात. ती तुझ्या हट्टापायी जगली, हे पण म्हण ना.

गेट एक तारखेपासून उघडलं. पहिल्याच शुक्रवारी सव्वादोनशे माणसं. लाकडी पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. पक्षी बघायचे तिन्ही आडोसे भरलेले, फटींना डोळे लावून सगळे गप्प. एवढी माणसं एका जागी गप्प फक्त आपल्याकडेच असतात, असं तू म्हणायचीस. तिसऱ्या आडोशामागच्या कोपऱ्यातलं पाणी आता स्वच्छ आहे. तिथे शेकाटे चरतात.

नव्या इंजिनीअरची जाहिरात दिलीय, अजून कोणी आलं नाही. तुझ्या टेबलावर तुझा चहाचा मग तसाच आहे, मी धुऊन ठेवला.

बघ, दोन पानं झाली. इतकं लिहितोय आणि लिहायचं ते लिहीत नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

जाफरचाचा


अल् घुब्रा
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

तृप्ती,

हे पत्र वाचून फाडायचं तर फाड, पण शेवटपर्यंत वाच.

ते पक्षी तुझ्या उशिरामुळे मेले नाहीत. माझ्यामुळे मेले.

आमच्या घरात जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, गेलेल्या माणसाच्या नावाने फातिहा देतात. त्याला आवडायचं ते रांधायचं, लोबान लावायचा, वाचायचं, मग ते अन्न वाटून खायचं. सगळेच देतात असं नाही, माझा चुलतभाऊ यावरून माझ्याशी भांडतो. आमच्यात देतात. आणि त्यातलं उरलेलं कचऱ्यात टाकत नाहीत, ते पायदळी येता कामा नये. गावी आम्ही ते बाणकोटच्या खाडीत सोडायचो. मासे खातात, पाखरं खातात, राहील ते ओहोटीबरोबर समुद्रात जातं. आईने दिलेलं पातेलं मी कितीदा खाडीत रिकामं केलंय. थोड्या वेळाने बघावं तर तिथे एक शीत नसायचं. खाडी सगळं नेते, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

रईसा गेली तेव्हा मला इथे कुठे जावं कळेना. आमच्या गल्लीत कचऱ्याच्या पेट्या आणि त्यांच्यात मांजरं. गुरुवारी मी भाकरी करायचो, गोड भात करायचो. एकटा माणूस किती खाणार. एक दिवस डबा कामावर आणला आणि तिसऱ्या आडोशामागच्या कोपऱ्यात पाण्यात सोडला. डिसेंबर होता. बदकं चारी बाजूंनी आली, दोन मिनिटांत सगळं साफ. बेटा, मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच खाली बसून रडलो. तिला पोचलं असं वाटलं. ती गेल्यापासून मला पहिल्यांदा भूक लागली ती त्या दिवशी.

पक्ष्यांना काही घालू नका, हा बोर्ड तू माझ्याच हातून ठोकून घेतला होतास. मी मनाशी म्हटलं, तो चिप्स घालणाऱ्यांसाठी आहे, आपलं वेगळं.

मग मत्रहच्या अलीमियाँना कळलं. कापडाच्या दुकानातले, तुझ्या आईसाठी नमाजी रंगाची, म्हणजे पिस्ता हिरवी, साडी त्यांनीच काढून दिली होती. त्यांचा रेहान तीन वर्षांपूर्वी सोहारच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला, एकुलता. ते डबा द्यायला लागले. डबा देताना माझा हात धरून ठेवायचे आणि पुढच्या गुरुवारी विचारायचे, "जाफर, पाखरांनी खाल्लानी ना?" मी म्हणायचो, हो चाचा, सगळं. त्यांच्याकडून आणखी कोणाला कळलं. उन्हाळ्यापर्यंत सात-आठ घरांचं माझ्याकडे यायला लागलं. डब्यांच्या बादल्या झाल्या. गेटवाला असल्याचा मला तेव्हा काय रुबाब वाटायचा, सगळ्यांच्या गेलेल्या माणसांची चावी जणू माझ्याकडे.

एप्रिलनंतर पाखरं गेली. मी टाकत राहिलो. मासे खातील म्हटलं. मेमध्ये वादीचं तोंड रेतीने मिटलं. तोंड मिटलं की आतलं पाणी म्हणजे बंद टाकी, हे तू मला दहा वेळा सांगितलं असशील. ऐकलं होतं, कळलंही होतं. पण मी टाकायचो तेव्हा मला हा खाऱ्या पाण्याचा खोर दिसतच नव्हता, बाणकोटची खाडी दिसायची. संध्याकाळी ओहोटी लागेल आणि घेऊन जाईल, हे अंगातच मुरलेलं. इथे ओहोटी कुठली. त्या कोपऱ्यात गुडघाभर भात कुजून त्याचं विष होत होतं आणि मी वर लाकडी पुलावर उभा राहून दुआ मागत होतो.

दहा सप्टेंबरला पहिली बदकं सापडली. तू म्हणालीस, बघा चाचा, मान टाकलीय, जीव आहे पण मान उचलत नाही, अशीच पाण्यात बुडून मरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिसऱ्या आडोशाजवळ एका थापट्या बदकाच्या चोचीतून शीत काढलंस. शीत तळहातावर घेऊन माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, "चाचा, खरं सांगा. इथे कोणी काही टाकतं का?"

मी म्हणालो, नाही.

वर म्हणालो, शाळेच्या पोरांच्या डब्यातलं पडलं असेल. तू मान हलवलीस आणि गेलीस. मी म्हटलं म्हणून तू रिपोर्टमध्ये लिहिलंस, अभयारण्यात अन्न टाकलं जात नाही. त्या एका ओळीमुळे सगळ्यांच्या नजरा वादीच्या तोंडाकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी मशीन आणून बांध फोडला, लाटांनी तो रात्रीत पुन्हा भरला. नवव्या दिवशी पुन्हा फोडला, तो टिकला. त्या दिवशी तुम्ही सगळे तोंडाशी होता, या बाजूला मी एकटा. मी फावडं घेऊन कोपऱ्यात उतरलो आणि मिळेल तेवढा गाळ उपसून पिकअपमध्ये भरून लांब नेऊन पुरला. दोन दिवसांनी मरणं थांबलं. सगळे म्हणाले, बघा, तोंड उघडलं आणि थांबलं, म्हणजे दोष उशिराचाच. मी गाळ काढला नसता तर निदान तोंड उघडूनही पक्षी मरत राहिले असते आणि तुझ्यावरचा आळ टिकला नसता. मी ते साफ करून तुझ्यावरचा आळ पक्का केला.

का बोललो नाही ते लिहितो. व्हिसा जाईल ही भीती होती, ती खोटी नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की बोललो असतो तर ते रईसाच्या नावाने झालं, हे मला माझ्याच तोंडाने म्हणावं लागलं असतं. मी दर आठवड्याला तिला काय पाठवत होतो? ते मला ऐकायचं नव्हतं. त्यापायी तुला ऐकून घ्यावं लागलं.

तू पाण्याला हात लाव बेटा. तुझ्या हाताला काही लागलेलं नाही.

जाफर


अल् घुब्रा
मंगळवार, ११ मार्च २०२५

तृप्ती,

तुला पत्र लिहिलं म्हणजे काम झालं असं मला आठ-दहा दिवस वाटत होतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा झोपलो. मग लक्षात आलं की तुझ्या फाइलमध्ये अजून तेच लिहिलेलं आहे. तुला कोणी विचारलं, तिथून का काढलं, तर तू काय सांगणार? गेटवाल्याचं पत्र दाखवणार?

रमजान लागलाय, ऑफिस दोन वाजता सुटतं. काल सुटायच्या वेळी खलफानच्या खोलीत गेलो. तो पिशवीत कागद भरत होता, म्हणाला, "यल्ला जाफर, बोल लौकर." मी बोललो. त्याच्याशी आपली हिंदी चालते, तुला माहीत आहे, अर्धी त्याची, अर्धी माझी. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं. इतके महिने जे पोटात धरलं ते एवढंच होतं, याची मला लाज वाटली.

त्याने पिशवीची चेन लावली. मग म्हणाला, "खलास जाफर. फाइल बंद हो गया. अभी बोलके क्या? तेरा भी नुकसान, मेरा भी." मी म्हटलं, मुदीर, उस लडकी का नुकसान चालू है. ती घरी झेरॉक्स काढत बसलीय. हे ऐकून तो खाली बसला. त्याने पिशवीतले कागद परत टेबलावर ठेवले. म्हणाला, "मी सही केली तेव्हा ती समोर उभी होती. तिने मला शुक्रिया म्हटलं. मी तिला दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही."

मग त्याने क्लार्कला बोलावून माझा जबाब अरबीत लिहून घेतला. मला वाचता येत नाही म्हणून क्लार्कने हिंदीत वाचून दाखवला. एका जागी त्याने 'नकळत झालं' असं घातलं होतं. मी म्हटलं, टाकणं नकळत, लपवणं कळून. ते त्याने सुधारलं. मी सही केली.

माझा व्हिसा मेअखेरपर्यंत आहे, पुढे वाढणार नाही. खलफानने आवाज चढवला नाही. इफ्तारला घरी ये म्हणाला, मी गेलो नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक माझ्या जबाबाची इंग्रजी प्रत. दुसरा खलफानच्या सहीचा, त्यात लिहिलंय की पक्ष्यांच्या मृत्यूचा तुझ्या निर्णयाशी संबंध नव्हता आणि अभयारण्य तुझी माफी मागतं. शिक्का नीट उमटलाय का ते मी दोनदा बघून घेतलं. पत्र रजिस्टर करतोय.

अलीमियाँना अजून सांगितलेलं नाही. सप्टेंबरपासून मी खोरात काही टाकत नाही, पण त्यांचा डबा घेतो. गुरुवारी गाडीत बसून मीच खातो. साखर वाढलीय, डॉक्टर रागावतो. आता रोजे आहेत म्हणून ते डबा संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर देतात. ते विचारतात, पाखरांनी खाल्लानी ना? मी हो म्हणतो. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला कसं सांगायचं?

तुझा
जाफरचाचा


अल् घुब्रा
शुक्रवार, २३ मे २०२५

तृप्ती,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. एक पान. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय, म्हणून त्यातलं इथे उतरवून ठेवतो.

"चाचा, कागद मिळाले. पुण्याच्या कंपनीने पुन्हा बोलावलं, एक जूनपासून कामावर जाते आहे. आई तुम्हाला दुवा देते. मी देऊ शकत नाही. तुम्ही लिहिलंय की ते पक्षी तुमच्या चुकीने मेले. ते बरोबर नाही. माझी डायरी माझ्याकडे आहे. पहिल्या दोन दिवसांत एकोणतीस पक्षी मेले. तेवढे तुमच्या चुकीने. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला विचारलं. तेव्हा हो म्हणाला असतात, तर त्या दुपारीच आपण तो कोपरा जाळी लावून बंद केला असता आणि गाळ काढला असता. बाकीचे तीनशे त्र्याऐंशी चुकीने मेले नाहीत. ते तुम्ही नाही म्हणालात म्हणून मेले. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण मी पाच-सहा महिने चुकीचा आकडा उराशी धरून बसले होते, तसं तुम्ही बसू नका. आता मला पत्र पाठवू नका."

तू सांगितलंस तरी हे पाठवतोय. हे शेवटचं.

आकडा बरोबर आहे. मी असा कधी विचारच केला नव्हता. मी सगळं मिळून एक पाप समजत होतो आणि त्यावर रईसाचं नाव टाकून मोकळा झालो होतो. माणूस प्रेमाने काहीतरी करायला गेला आणि उलटं झालं, असं म्हटलं की ऐकणाराही हळहळतो. खलफानसुद्धा हळहळला. तू एकटीने बेरीज फोडून दाखवलीस. एकोणतीस तिच्या नावाचे होते, तेही माझ्या अडाणीपणामुळे. बाकीचे तिचे नव्हतेच. नुसत्या माझ्या जिभेचे.

काल गुरुवार होता. मत्रहला गेलो. अलीमियाँ डबा भरून बसले होते. मी डबा घेतला नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी स्टूल ओढून समोर बसलो आणि सांगितलं. कोपरा, भात, बदकांच्या माना, तुझं जाणं, माझं गाडीत बसून खाणं, काही ठेवलं नाही. ते ऐकत होते आणि ठाणाच्या कापडावरची सुरकुती बोटाने सारखी करत होते. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या पोराच्या नावान इस दिलाव आमी?"

मी म्हटलं, नाही चाचा, तुम्ही अन्न दिलंत. त्याचं विष मी केलं.

"आन पयला जा दिला ता? ता पोचला रेहानला?"

इतके दिवस मी त्यांना हो म्हणत आलो. काल म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी डबा उघडला, झाकणात थोडा भात काढून माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः डब्यातून खायला लागले. मी खाल्लं. निघताना त्यांनी माझा सलाम घेतला, पण या वेळी हात धरून ठेवला नाही.

बुधवारी माझं विमान आहे. रईसा इथेच राहील. कबरीवर जाऊन आलो, तिला सांगायचं ते सांगितलं. बाणकोटला घर आहे, खाडी आहे. तिकडे बसून दिवस काढीन.

एक गोष्ट तुझ्या डायरीत नसेल, ती सांगतो. आजारी पक्षी तू शेडमध्ये ठेवले होतेस. एकेकाला ड्रॉपरने गोडं पाणी पाजायचीस, आणि पक्षी धरायला मी असायचो. अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ आपण दोघं खाली बसून तेच केलं. मान मी दोन बोटांवर उचलून धरायचो, चोच तू उघडायचीस. पाचव्या दिवशी एका लहानशा चक्रांग बदकाने माझ्या मांडीवर प्राण सोडला. तू डोळे पुसलेस, डायरीत लिहिलंस आणि मला म्हणालीस, "चाचा, तुमचा हात किती हलका आहे. तुम्ही नसता तर मला हे जमलं नसतं."

मी म्हणालो, असू दे बेटा, दुसरा घे.

जाफर